तिची झाडं, माझे बाबा

मी जळकी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला समजून घ्यायच्या भानगडीत पडणार नाही. लहानपणी शेजारच्या क्वार्टरमधल्या मुलीच्या वेण्या माझ्यापेक्षा जाड होत्या म्हणून मी तिच्याशी महिनाभर बोलले नव्हते. पण तो किरकोळ हेवा झाला. खऱ्या हेव्यानं जेवताना घास कसा अडकतो, हे मला एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी कळलं, आणि तेही माझ्याच घरात, माझ्याच बाबांमुळे.

आम्ही भोपाळच्या एका सरकारी कारखान्याच्या टाउनशिपमध्ये राहायचो. बाबा अकोल्याहून नोकरीसाठी आलेले. टाउनशिपमधले बाकीचे बहुतेक मराठी लोक इंजिनियर, नाहीतर हिशेबखात्यात, नाहीतर निदान वर्कशॉपमध्ये तरी होते. माझे बाबा उद्यान विभागात पर्यवेक्षक होते. गणपतीच्या मंडळात कुणी विचारलं की आई "हॉर्टिकल्चर" हा शब्द असा ठासून उच्चारायची की समोरच्याला वाटावं, तिथे टर्बाइनच तयार होत असतील. शाळेतल्या मुलींना मात्र त्याचा साधा अर्थ माहीत होता. त्या मला "माली की बेटी" म्हणायच्या.

सहावीत गेल्यावर मी बाबांबरोबर संध्याकाळी फिरायला जाणं बंद केलं. तोवर जायचे. ते मध्येच थांबून "हे बघ" म्हणायचे आणि एखाद्या खोडावर हात ठेवायचे, आणि मी शाळेतलं कुणी बघत तर नाही ना म्हणून रस्त्याकडे पाहायचे. चार-दोनदा असं झाल्यावर त्यांनी थांबणं सोडलं. पुढे मी येणंच सोडलं. हे सगळं मला आज कळतंय. तेव्हा मला एवढंच माहीत होतं की बाबा कमी बोलतात.

मेडिकलला नंबर लागला नाही, मग बॉटनी घेऊन बी.एस्सी. केलं, आणि त्यानंतर परिस्थितिकी आणि पर्यावरण असा नवा एम.एस्सी.चा कोर्स निघाला होता त्यात शिरले. त्या काळी पर्यावरण म्हटलं की लोक कौतुकानं मान हलवायचे आणि पुढे विचारायचे, "पण नोकरी कशात मिळते?" वर्गात आम्ही चौदा जण होतो. वाघ बघायला मिळेल या आशेनं आलेले पाच, दुसरीकडे कुठे प्रवेश न मिळालेले आठ, आणि एक ती.

ती शहराच्या दुसऱ्या टोकाच्या करोंदची. तिच्या वडिलांचं मंडीत बारदानाचं दुकान होतं. दोन टेंपो बदलून ती कॉलेजला यायची, केसांत कधी गव्हाचं तूस अडकलेलं असायचं. शिक्षण सगळं हिंदीतून. इंग्रजी पुस्तक ती बोट ठेवून वाचायची, अडलं की शेजाऱ्याला विचारायची, शेजाऱ्याला येत नसलं की सरळ सरांना विचारायची. न येण्याची लाज कशी ती तिला ठाऊकच नव्हती. मला येत नसलेल्या गोष्टी मी जिवापाड लपवत असे, त्यामुळे तिचं हे मोकळं विचारणं माझ्या डोळ्यांत खुपायचं. त्यातून झालं काय, की वर्षाअखेरीस तिला माझ्यापेक्षा जास्त यायला लागलं.

दुसऱ्या वर्षी डिसर्टेशनचे विषय ठरले. आमच्या सरांनी तिला विचारलं, तुला काय बघायला आवडेल? ती म्हणाली, झाडांच्या ढोल्या. शहरातल्या जुन्या झाडांना किती ढोल्या असतात, कुठल्या झाडाला जास्त असतात आणि त्यांत कोण राहतं. सर खूश झाले. पोपट, पिंगळा, तांबट, धनेश, सगळी वरात तिच्या वाट्याला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम गाजर घास कर लो, तुम्हारे यहाँ बहुत है।"

खरंच भरपूर होतं. नाल्याकाठी, रिकाम्या प्लॉटवर, कारखान्याच्या भिंतीलगत, जिथे बघावं तिथे गाजर गवत. मी चार खुंट्या आणि सुतळीची एक मीटर बाय एक मीटर चौकट करून ती जमिनीवर टाकायची आणि आतली रोपं मोजायची. हाताला खाज, डोळ्यांना पाणी. आणि तिकडे ती मान वर करून धनेश बघणार.

त्याच दिवशी सरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. सातपुड्यातल्या जंगलात त्यांचा तीन वर्षांचा प्रकल्प सुरू होणार होता आणि त्यात एक संशोधन सहाय्यक घ्यायचा होता. एकच. डिसर्टेशन बघून ते ठरवणार होते. वाघवाले पाच जण लगेच ताठ बसले, पण वर्गात सगळ्यांना माहीत होतं की ही जागा तिला मिळणार, नाहीतर मला.

मला ती जागा हवी होती. जंगलासाठी नाही, हे कबूल करते. टाउनशिपमधल्या इंजिनियरांच्या मुली पुण्याला आणि अमेरिकेला निघाल्या होत्या आणि मलाही कुठेतरी निघायचं होतं, हे एक कारण. दुसरं कारण मला तेव्हा सांगता आलं नसतं. मला वाटायचं, एवढं झालं की बाबा माझ्याकडे एकदा तरी थांबून बघतील.

तिला टाउनशिपमधली झाडं हवी होती, कारण भोपाळमध्ये एवढी झाडं एका ठिकाणी, आणि तीही कुंपणाच्या आत, दुसरीकडे नव्हती. सर मला म्हणाले, तुझे वडील उद्यान विभागात आहेत ना, हिची ओळख करून दे. नाही म्हणायला काही कारण सापडेना. एका रविवारी सकाळी ती आमच्या क्वार्टरवर आली.

बाबा बनियनवर पेपर वाचत बसले होते. मी म्हणाले, "बाबा, ही माझ्या वर्गातली. हिला झाडांबद्दल काही विचारायचंय." ते आत जाऊन शर्ट घालून आले. ती समोरच्या खुर्चीवर बसली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "अंकल, वो अस्पताल वाले रोड पे नाला सीधा आते-आते टेढ़ा क्यों हो गया है? वहाँ एक नीम है, उसी के कारण क्या?"

बाबांनी पेपरची घडी केली. "तुमने देखा वो?"

मग ते बोलायला लागले. तो कडुलिंब म्हणजे कारखाना यायच्या आधी इथे जे गाव होतं त्यातल्या एका शेताच्या बांधावरचा. नाल्याच्या नकाशात तो मधोमध येत होता. बाबा तेव्हा नवे होते. ते सिव्हिलच्या इंजिनियरकडे आठवडाभर रोज जाऊन बसले आणि शेवटी त्या माणसानं वैतागून नाला चार हात वळवला. बाबा हे सांगताना हसत होते. मी बावीस वर्षांची होते आणि शाळेत जाता-येता त्या वळणावरून हजारदा सायकल वळवली होती. हे वळण माझ्या बाबांनी काढलंय हे मला आमच्या घरात, करोंदच्या एका मुलीला सांगितलं जात असताना कळलं.

तीन तास बोलले. आईनं पोहे केले, परत चहा केला, शेवटी जेवायलाच वाढलं. तिनं थालीपीठ दोनदा मागून घेतलं. ती गेल्यावर आई म्हणाली, "किती गोड मुलगी आहे." बाबा म्हणाले, "बघते नीट." बाबांच्या तोंडून एवढं कौतुक मी माझ्या दहावीच्या निकालालाही ऐकलं नव्हतं.

त्यानंतर ती दर रविवारी यायला लागली, मग मधल्या वारीही. डिसेंबर-जानेवारीत तिनं पहिली फेरी पूर्ण केली. प्रत्येक झाडाचा घेर मोजायचा, ढोल्या मोजायच्या, त्या जमिनीपासून किती उंच आहेत आणि कुठल्या बाजूला तोंड आहे ते लिहायचं. मार्चमध्ये दुसरी फेरी, विणीचा हंगाम सुरू झाला की कुठल्या ढोलीत कोण घरटं करतंय ते बघायचं. यासाठी झाडांना नंबर हवे होते. बाबांनी खिळा ठोकायला साफ नकार दिला आणि ऑइलपेंट प्रशासनाला चालला नसता. मग तिनं तेलाच्या रिकाम्या डब्यांचे पत्रे कापले, खिळ्यानं टोचून त्यांवर नंबर काढले आणि वडिलांच्या दुकानातल्या सुतळीनं प्रत्येक झाडाला छातीच्या उंचीवर एक एक पत्रा बांधला. पत्र्याच्या कडांनी बोटं कापू नयेत म्हणून बाबांनी तिला कडा दुमडून दिल्या. आमच्या ओट्यावर बसून, पक्कड घेऊन, दोन संध्याकाळी. मी आत माझ्या गाजर गवताची कोष्टकं आखत होते आणि बाहेरची पक्कड ऐकत होते.

एक चूक तिनं केली. वहीत तिनं झाडाचा नंबर, जात आणि रस्ता लिहिला, पण झाड नेमकं कुठे उभं आहे ते लिहिलं नाही. पत्रा आहेच की. आमच्याकडचे रस्ते म्हणजे एका ओळीत चाळीस सिरस, म्हणजे आपले शिरीष, दुसऱ्या ओळीत तीस कडुलिंब. पत्रा नसेल तर एकशे बारा कुठलं आणि एकशे तेरा कुठलं हे तिच्या वहीतून कुणालाही कळलं नसतं. मी एकदा ती वही चाळली होती आणि हे माझ्या लक्षात आलं होतं. मी तिला सांगितलं नाही. पण तोवर ते नुसतं न सांगणं होतं.

फेब्रुवारीच्या शेवटी बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. ते टाउनशिपच्या इस्पितळात होते, आई डबा घेऊन तिथेच. आणि नेमकं त्याच आठवड्यात चेअरमनसाहेबांचा दौरा ठरला. ज्यांनी सरकारी टाउनशिप पाहिली आहे त्यांना दौरा म्हणजे काय ते सांगायला नको. रस्त्याच्या कडेचे दगड एक आड एक काळे-पांढरे होतात, आणि झाडांना चार फुटांपर्यंत खाली गेरू आणि वर चुन्याचा पट्टा फासला जातो. त्याआधी खोडावरचं सगळं काढायचं असतं. पोस्टर, पतंगाचे दोरे, जुन्या तारा, सगळं.

दुपारी दाराची कडी वाजली. उद्यान विभागाचा मुकादम होता. बाबांच्या हाताखाली वीस वर्षं काम केलेला माणूस.

"बिटिया, बाबूजी से पूछना था, पर डॉक्टर मिलने नहीं दे रहा। कल से रंगाई चालू करनी है। वो लड़की के टीन बँधे हैं पेड़ों पे। उनका क्या करें? बचा-बचा के पोत दें?"

तो विचारायला आला होता, हे लक्षात घ्या. त्याला काढायचे नव्हते. मी नुसतं "हो" म्हटलं असतं तरी पुरे होतं.

मी म्हणाले, "उसका काम हो गया। हटा दो।"

"पक्का?"

"हाँ, पक्का."

तो गेला. मी परत येऊन कोष्टकासमोर बसले आणि पुढची रेघ आखली. सरळ आली. दुसऱ्या दिवशी सी सेक्टरच्या रस्त्यावरून जाताना हातगाडीत पत्र्यांचा ढीग दिसला आणि सगळी सिरसाची झाडं एकसारखे पायमोजे घातल्यासारखी उभी होती. त्या दिवशी मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. इतक्या दिवसांनी मला नीट भूक लागली होती.

ती मार्चच्या पहिल्या आठवड्यात आली. रस्त्यावरून सरळ आमच्याकडेच आली, चप्पल दारातच अडखळत काढली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "सब निकाल दिए। एक भी नहीं है।"

"अरे, कैसे?" मी म्हणाले. हे शब्द माझ्या तोंडून इतके सहज निघाले की मलाच नवल वाटलं.

बाबा घरी आले होते, पण पडून होते. त्यांनी ऐकलं आणि मुकादमाला बोलावणं पाठवलं. तो आला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. मधलं दार उघडंच होतं.

"बिटिया ने बोला था बाबूजी, काम हो गया, हटा दो। मैंने दो बार पूछा।"

बाबांनी त्याला हातानंच जायची खूण केली. ती तेव्हा बाहेर ओट्यावर आईजवळ बसली होती, तिला हे ऐकू गेलं नसणार. मुकादम गेला. मी माठाजवळ उभी राहून आता हाक येईल याची वाट पाहत होते. काय बोलायचं ते मी जुळवून ठेवलं होतं, गैरसमज झाला, मला वाटलं पहिलीच फेरी शेवटची आहे. थोड्या वेळानं हाक आली.

"तिला पाणी नेऊन दे."

एवढंच. पाणी देऊन मी कोष्टकांचं निमित्त करून आतल्या खोलीत जाऊन बसले, ती कधी गेली तेही मला कळलं नाही. त्यानंतर त्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही, कधीच नाही. मी समजले की बाबांनी हे प्रकरण पोटात घातलं. पोरगी आपली आहे, झाकली मूठ. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि थोडा आनंदही झाला. म्हटलं, शेवटी बाबा माझेच.

हा आनंद जेमतेम तीन दिवस टिकला. चौथ्या दिवशी सकाळी सहा वाजता बाबा काठी घेऊन बाहेर पडले. डॉक्टरांनी महिनाभर चालायला मनाई केली होती. आई ओरडली, त्यांनी ऐकलं नाही. कोपऱ्यावर ती वही घेऊन उभी होती. दोघं सिरसाच्या पहिल्या झाडापासून निघाले. बाबा खोडाजवळ जायचे, वर बघायचे, मागे जाऊन बघायचे, आणि सांगायचे: हे एकशे बारा, याची खालची फांदी तारांसाठी कापली होती, तिथेच कुजून ढोली झाली. हे तेरा नव्हे, हे चौदा. तेरा पुढचं, त्याच्या मुळाशी घाणेरी आहे. ती वहीत घेर आणि ढोल्या ताडून बघायची. जुळायचं.

रोज सहा ते आठ. मी खिडकीतून बघायचे. माझ्या एका वाक्यानं त्या दोघांना रोजची सकाळ मिळाली होती. आधी रविवारचा एक दिवस होता, आता आठवड्याचे सातही. हे असं होईल हे मला सुचायला हवं होतं. माझा जळफळाट व्हायचा आणि तो कुणाला दाखवायचीही सोय नव्हती. एकदा मी सकाळी मुद्दाम त्यांच्या वाटेवर चौकट घेऊन गेले आणि गाजर गवत मोजायला बसले. बाबा म्हणाले, "हात धुऊन घे नंतर," आणि पुढे गेले.

एप्रिलमध्ये वर्गात सादरीकरण झालं. माझं आधी. चौकटी, सरासरी, आलेख, सगळं काटेकोर. सर म्हणाले, "बहुत साफ़ काम है।" मग ती उभी राहिली. धनेशाच्या मादीनं ढोलीचं तोंड लिंपून घेतलेलं, बाहेरून नर तिला फळं भरवतोय, हे ती सांगत होती तेव्हा वाघवालेसुद्धा टेबलावर पुढे झुकून ऐकत होते. मग सरांनी विचारलं, टॅग काढले गेल्यावर हे झाड तेच आहे हे कशावरून ठरवलं?

"सर, अंकल ने पहचाना।"

"कौन अंकल?"

"इनके पिताजी," ती माझ्याकडे बोट करून म्हणाली.

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. सर वाईट माणूस नव्हते, पण ते शिस्तीचे होते. ते म्हणाले, "पहचान लिया, ये कोई मेथड नहीं हुआ। किसी तीसरे आदमी की याददाश्त पे मैं थीसिस कैसे मानूँ?" आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठून सांगू शकले असते की या तिसऱ्या माणसानं यातलं निम्मं लावलंय आणि उरलेलं जगवलंय, की वहीतला घेर आणि ढोल्या जुळल्या म्हणजे ती तपासणीच झाली. पत्रे का गेले हेही सांगू शकले असते. मी माझे कागद सरळ करत बसले.

तिची दुसरी फेरी सरांनी धरली नाही. जागा मला मिळाली.

त्या संध्याकाळी ती घरी आली. बाबांनी विचारलं, "सर काय म्हणाले?" आता ते तिच्याशी मराठीत बोलायला लागले होते आणि तिला ते कळायचं. ती म्हणाली, "सर को बहुत अच्छा लगा, अंकल। सब पूछ रहे थे कि आपने कैसे पहचाना।" मी समोर उभी होते, वर्गात काय झालं ते मला माहीत होतं, आणि हे तिला माहीत होतं. बाबांना ठेच लागू नये म्हणून ती माझ्या देखत खोटं बोलली. मला तिच्या त्या चांगुलपणाचाही संताप आला. बाबांना जपणं, निदान तेवढं तरी तिनं माझ्यासाठी ठेवायचं.

मी जंगलात गेले. बाबांनी होल्डॉल बांधून दिला, पट्टे दोनदा ओढून पाहिले, म्हणाले, "चांगलं झालं." तीन वर्षांत मला काम आवडायला लागलं हे माझं नशीब. पुढे गावांच्या वनसमित्यांबरोबर चारा, मोह, तेंदूपत्ता, पाणी, कुणी किती घ्यायचं आणि जंगल किती देऊ शकतं, हेच माझं पोटापाण्याचं काम झालं. बाबांची पत्रं यायची, पोस्टकार्डं. चार ओळी. त्यांतल्या दोन तिच्याबद्दल. तिनं बी.एड. केलं. तिला अरेरा कॉलोनीत एका शाळेत नोकरी लागली. ती शनिवारी मुलांना झाडं दाखवायला टाउनशिपमध्ये आणते, मी बरोबर जातो. धनेश यंदाही बसला. मी सातपुड्यात होते, माझ्या तंबूमागे महाधनेश असता तरी बाबांनी मला धनेशाबद्दल विचारलं नसतं. त्यांचा धनेश टाउनशिपमध्ये होता.

बाबा निवृत्त झाले, क्वार्टर सोडावं लागलं, आणि आई-बाबा कोलार रोडला एका सोसायटीत राहायला गेले. योगायोग म्हणा, लग्न होऊन तीही तिकडेच राहायला आली होती, दोन गल्ल्या सोडून. मी वर्षातून दोनदा जायचे. प्रत्येक वेळी ती तिथे असायचीच. बाबांची औषधं कुठल्या डब्यात हे तिला माहीत, आईच्या लोणच्याची बरणी कुठे हे तिला माहीत. मी पाहुणी.

पत्र्यांच्या त्या प्रकारानंतर बारा वर्षांनी, एका हिवाळ्यातल्या दुपारी, जेवणं झाली होती. आई-बाबा आडवे झाले होते. ती आमच्या स्वयंपाकघरात पाट घेऊन जमिनीवर बसून मटार सोलत होती, आपल्या घरात बसावं तशी. मी दारात उभी होते. आणि मला वाटलं, आता हिला सांगावं. वाचणाऱ्याला हा पश्चात्ताप आहे असं वाटेल म्हणून स्पष्ट लिहिते: तो पश्चात्ताप नव्हता. तिचं आमच्या घरातलं ते निवांत बसणं मला मोडायचं होतं. तिला कळावं की जिथे ती एवढी विसावली आहे त्याच घरातून तिचं नुकसान झालं, आणि तिच्या अंकलनी ते तिच्यापासून लपवलं.

"वो टीन मैंने निकलवाए थे," मी म्हणाले. "मुकादम पूछने आया था। मैंने कहा, हटा दो।"

तिनं एक शेंग मोडली, दाणे पातेल्यात टाकले. "मालूम है।"

"क्या मालूम है?"

"अंकल ने उसी शाम बता दिया था। बस स्टॉप तक छोड़ने आए थे ना, तब। टाँके लगे थे, फिर भी आए थे।" तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि मला हवं होतं तसं दुसरंही काही नव्हतं. "बैठ ना, आधे तू छील।"

मी बसले. मटार सोलायला लागले. लाज वाटली, वाटली हे खरं. पण लाजेच्या आधी जे वाटलं तेही लिहायला हवं. बारा वर्षं माझ्याबद्दलची सगळ्यात मोठी गोष्ट या दोघांना ठाऊक होती, ती बाबांनी तिला सांगितली होती, आणि माझ्याशी त्यातला एक शब्द ते बोलले नव्हते. मला तिचा तेव्हा जितका हेवा वाटला तितका बाबा पत्र्यांच्या कडा दुमडत होते तेव्हाही वाटला नव्हता.

ती संध्याकाळी घरी गेली. बाबा गॅलरीत खुर्चीवर होते. मी विचारलं, "तुम्ही तिला सांगितलं होतं?"

कशाबद्दल, हे त्यांनी विचारलं नाही. "हो. नुकसान तिचं झालं होतं. तिला सांगायलाच हवं होतं."

"मग मला का नाही कधी बोललात?"

"तुला काय सांगायचं? तुला माहीतच होतं."

मी गॅलरीच्या कठड्याला टेकले. ते म्हणाले, "तिनं विचारलं होतं मला, आता तुझ्याशी कसं वागायचं म्हणून. मी म्हटलं, ती आपण होऊन सांगेपर्यंत नेहमीसारखंच वाग." मग खुर्चीत माझ्याकडे वळले. "आज सांगितलंस, ती जाताना म्हणाली. का सांगितलंस?"

ते माझ्याकडे बघत होते. सहावीनंतर पहिल्यांदा, एखाद्या खोडाजवळ थांबावं तसे थांबून बघत होते, आणि उत्तराची वाट पाहत होते. खरं उत्तर माझ्याजवळ होतं.

"राहवलं नाही," मी म्हणाले.

बाबांचे डोळे भरून आले. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग म्हणाले, "उद्या सकाळी येतेस का? कालव्याच्या पलीकडे एक जुना मोह आहे, तुला दाखवतो."

मी हो म्हणाले. तीही येणार आहे का, हे मी विचारलं नाही.